तिपेडी दोर

मद्रास आणि मराठी माणूस असा विषय निघाला म्हणजे आपले लक्ष प्रथम दक्षिणेस तंजावरकडे वळते. व्यंकोजीराजे, सरफोजीराजे, सरस्वती महाल ग्रंथालय, तेथील मोडी कागद यांचा अभिमान आपणांस वाटावा हे स्वाभाविकच आहे. परंतु बदलीच्या निमित्ताने ज्या शहरात आपण बिऱ्हाड थाटतो त्या शहराचाही स्वतःचा इतिहास असतो, आणि त्यातील काही पाने आपल्या नात्यागोत्याची नसली तरी वाचण्याजोगी असतात. अशाच एका पानाचा परिचय आम्ही येथे करून देणार आहो. हे पान राजघराण्याचे अगर देवालयाचे नाही. ते गिंडी भागातील एका प्रयोगशाळेचे आहे. या शहराचे नाव १९९६ पासून चेन्नई झाले असले, तरी ज्या काळाविषयी लिहावयाचे त्या काळी ते मद्रासच होते. म्हणून जुनेच नाव वापरीत आहो.

पदार्थ कशाचा बनला आहे हा रसायनशास्त्राचा पहिला प्रश्न, आणि त्यातील अणू कसे रचले आहेत हा दुसरा. या दोहोंत पुष्कळ अंतर आहे. वाड्याला विटा किती आणि तुळया किती लागल्या याची यादी हाती आली, म्हणून वाड्याचा नकाशा हाती येत नाही. एकोणिसाव्या शतकातील रसायनज्ञ हा नकाशा काढीत तो बहुधा वाडा पाडून काढीत. पदार्थ आम्लात उकळावा, जाळावा, त्याचे तुकडे ओळखावे आणि तुकड्यांवरून मूळ रचनेचा तर्क करावा, अशी ती रीत होती. त्या रीतीने फार मोठे कार्य झाले यात शंका नाही. पण वाडा न पाडता भिंतीआडचे पाहता येईल काय? प्रकाश, क्ष-किरण, चुंबकत्व अशा भौतिकी साधनांनी रेणूचे रूप जाणण्याचा जो उद्योग विसाव्या शतकात भरभराटीस आला, तो या प्रश्नातून आला.

प्रकाशाकडून पदार्थाची ओळख पटविण्याच्या विद्येशी मद्रास प्रांताचा संबंध जुना आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन यांनी गुंटूर येथून, आणि मद्रास वेधशाळेचे पॉग्सन यांनी मच्छलीपट्टण येथून, सूर्यज्वालांचे वर्णपट पाहिले. त्या वर्णपटातील एक पिवळी रेषा ठाऊक असलेल्या कोणत्याच मूलद्रव्याशी जुळेना. तीच पुढे हेलियमची रेषा ठरली. पृथ्वीवर तो वायू सापडावयास १८९५ साल उजाडावे लागले. पण या वेधांनी फक्त पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. सूर्यात काय आहे ते कळले. रेणूची ठेवण कशी, हा दुसरा प्रश्न तसाच राहिला.

त्या दुसऱ्या प्रश्नाकडे नेणारी एक वाट मद्रासच्या समुद्रकाठच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून निघाली. तेथील चंद्रशेखर वेंकट रामन या विद्यार्थ्याचा प्रकाशाच्या विवर्तनावरील पहिला शोधनिबंध १९०६ मध्ये, त्याच्या वयाच्या अठराव्या वर्षी, लंडनच्या 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'मध्ये छापला गेला. पुढच्याच वर्षी एम. ए. होऊन तो हिंदुस्थान सरकारच्या वित्तखात्याच्या परीक्षेत पहिला आला आणि कलकत्त्यास असिस्टंट अकाउंटंट जनरल म्हणून रुजू झाला. आमच्या वाचकांपैकी अनेकांस हे खाते परके नाही. बदल्याही त्यास चुकल्या नाहीत: १९०९ मध्ये रंगून, १९१० मध्ये आपले नागपूर, आणि १९११ मध्ये पुन्हा कलकत्ता. दिवसा सरकारी हिशेब आणि सकाळ-संध्याकाळ बहूबझार रस्त्यावरील विज्ञान-संस्थेत प्रयोग, असा क्रम त्यांनी सुमारे दहा वर्षे चालविला. १९१७ मध्ये ती भरपगारी नोकरी सोडून ते कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक झाले. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्यांचा सुप्रसिद्ध शोध सिद्धीस गेला आणि १९३० मध्ये त्यास नोबेल पारितोषिक मिळाले.

त्या शोधाचे मर्म थोडक्यात असे. एकरंगी प्रकाश एखाद्या पदार्थातून विखुरला म्हणजे त्यातील अगदी अल्प अंश आपला रंग किंचित् बदलून बाहेर पडतो, आणि हा बदल किती होतो ते त्या पदार्थाच्या रेणूतील बंध कसे कंप पावतात यावर अवलंबून असते. बाजारात माठ घेताना आपल्या घरची माणसे टिचकी मारून नाद ऐकतात, आणि नादावरून माठ धड आहे की तडकलेला ते ओळखतात. रामन यांनी रेणूस प्रकाशाची टिचकी मारण्याची युक्ती दिली असे म्हणावयास हरकत नाही. रेणू न मोडता त्यातील बंधांची जात कळू लागली.

तथापि रेणू प्रचंड, हजारो अणूंचा असला, म्हणजे एवढ्या नादावरून त्याचा सारा आकार उमगत नाही. तेथे क्ष-किरण लागतात. रात्री रस्त्यावरच्या दिव्याकडे छत्रीच्या ताणलेल्या कापडातून पाहावे. दिव्याभोवती प्रकाशाच्या ठिपक्यांची जाळी दिसते. कापडाचे धागे जितके दाट, तितके ते ठिपके एकमेकांपासून दूर. म्हणजे ठिपके मोजून न पाहिलेल्या कापडाची वीण सांगता येईल. अणूंमधील अंतरे एका मिलिमीटरच्या एककोटीव्या भागाच्या आसपासची असतात. दृश्य प्रकाशाची लहर त्याहून काही हजार पट लांब, म्हणून ती त्या कामी निरुपयोगी. क्ष-किरणांची लहर मात्र नेमकी त्याच मापाची असते. १९१२ मध्ये जर्मनीत लाऊए यांच्या कल्पनेनुसार स्फटिकातून क्ष-किरण सोडून असे ठिपके मिळविण्यात आले, आणि इंग्लंडात ब्रॅग पितापुत्रांनी ते ठिपके वाचण्याचे गणित बसविले. १९५३ मध्ये डी. एन. ए. या आनुवंशिक द्रव्याचा दुहेरी पीळ उलगडला तो याच विद्येच्या बळावर.

ही विद्या मद्रासेस रुजविणारे गृहस्थ म्हणजे गोपालसमुद्रम् नारायण रामचंद्रन. त्यांचा जन्म ८ ऑक्टोबर १९२२ रोजी एर्नाकुलम येथे झाला. वडील तेथील महाराजा कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ कॉलेजातून पदवी घेऊन १९४२ मध्ये ते बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये दाखल झाले ते विद्युत्-अभियांत्रिकी शिकण्यासाठी. पण तेथे भौतिकी विभागाचे प्रमुख रामन होते. त्यांनी हा मुलगा हेरला आणि आपल्या विभागात ओढून घेतला.

रामन यांच्या या गुणग्राहकतेची दुसरी बाजूही मराठी वाचकाने विसरू नये. याच संस्थेच्या दाराशी १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवीधर कमला भागवत आली, तेव्हा केवळ स्त्री म्हणून रामन यांनी तिला प्रवेश नाकारला होता. ती माघारी फिरली नाही. हट्ट धरून, एक वर्षाच्या अपमानास्पद अटी मान्य करून तिने प्रवेश मिळविला, १९३६ मध्ये एम. एस्सी. केली आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच. डी. संपादन केली. वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी हे द्रव्य असते हे तेथे दाखवून देणाऱ्या त्या कमलाबाई सोहोनी होत. सायटोक्रोम ओळखले जाते तेही वर्णपटातील त्याच्या काळ्या पट्ट्यांवरून. एकाच दारातून एकास बोलावून घेतले गेले आणि दुसरीस भांडून शिरावे लागले. इतिहास लिहिताना दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी मांडणे न्यायाचे आहे.

असो. रामचंद्रन केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत दोन वर्षे काढून १९४९ मध्ये बंगलोरास परतले. इकडे मद्रास विद्यापीठाचे कुलगुरू डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार भौतिकीच्या नव्या विभागासाठी प्रमुख शोधीत होते. त्यांनी प्रथम रामन यांनाच विचारले. रामन यांनी रामचंद्रन यांचे नाव सुचविले. १९५२ मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर असलेला हा प्राध्यापक गिंडीस आला. मुदलियार स्वतः वैद्यकातले. परंतु त्यांनी या तरुणावर विश्वास टाकला आणि क्ष-किरणांची प्रयोगशाळा उभी करण्यास साह्य दिले.

त्याच वर्षी इंग्लंडचे ख्यातनाम स्फटिकशास्त्रज्ञ बर्नाल मद्रासेस आले. बोलण्याच्या ओघात कोलॅजेन या प्रथिनाचा विषय निघाला. त्याची रचना अनेकांनी सुचविली आहे, पण त्यांपैकी एकही पटण्यासारखी नाही, असे त्यांचे मत पडले. रामचंद्रन यांस विषय मिळाला.

कोलॅजेन हे नाव परके, पण वस्तू घरोघरची. कातडे, हाड, स्नायूस हाडाशी बांधणारी कंडरा, यांचे बळ ते याचेच. आपल्या शरीरातील एकूण प्रथिनांचा पाव ते तिसरा हिस्सा याच एका प्रथिनाचा असतो. सुताराचा सरस म्हणजे उकळून विरघळविलेले कोलॅजेन. कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीच्या सालीत आणि हिरड्याच्या पाण्यात कमावतात तेव्हा त्या तुरट द्रव्याची गाठ पडते ती कोलॅजेनच्या धाग्यांशीच. म्हणून ते कुजत नाही आणि वर्षानुवर्षे टिकते. आपल्याकडील कातडे कमावणाऱ्या कारागिरांनी पिढ्यान् पिढ्या या प्रथिनाशी व्यवहार केला. त्याचे अंतरंग मात्र कोणासच ठाऊक नव्हते.

नमुना मिळण्यास दूर जावे लागले नाही. विद्यापीठाच्या शेजारीच अड्यार येथे केंद्र सरकारची चर्म-संशोधन संस्था १९४८ मध्ये स्थापन झाली होती. तिच्याकडून कांगारूच्या शेपटीतील कंडरा मिळाली. त्या कंडरेतील कोलॅजेन अत्यंत शुद्ध आणि त्याचे धागे एका दिशेने नीट लागलेले, त्यामुळे क्ष-किरणांचे चित्र स्पष्ट उमटले. रामचंद्रन यांचे सहकारी गोपीनाथ कर्ता हे या कामात त्यांचे जोडीदार होते.

आता कोडे काय होते ते पाहू. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबच लांब माळ. चित्रातील एका ठळक खुणेवरून या माळेतील एकेक मणी धाग्याच्या दिशेने सुमारे २.९ अँगस्ट्रॉम, म्हणजे मिलिमीटरच्या एककोटीव्या भागाच्या जवळजवळ तिप्पट, पुढे सरकतो असे दिसत होते. अमेरिकेतील पॉलिंग आणि कोरी यांनी १९५१ मध्ये प्रथिनांसाठी जे सुप्रसिद्ध मळसूत्र सांगितले त्यात ही सरक अवघी १.५ होती, ते येथे लागू पडेना. खुद्द पॉलिंग यांनी कोलॅजेनसाठी सुचविलेली निराळी रचनाही चुकीची निघाली. दुसरी खूण रसायनज्ञांच्या वहीत होती. कोलॅजेनच्या माळेत जवळजवळ दर तीन मण्यांत एक ग्लायसीन असते. आणि सर्व अमिनो आम्लांत सर्वांत लहान, बाजूस शाखाच नसलेले, असे हे ग्लायसीन आहे.

रामचंद्रन आणि कर्ता यांनी या दोन खुणांची सांगड घातली. तीन माळा एकमेकींस खेटून, एका दिशेने चालल्या आहेत असे धरा. प्रत्येक माळ स्वतः पीळ घेत जाते, आणि तिचा दर तिसरा मणी आतल्या बाजूस, तिन्ही माळांच्या मध्यभागी येतो. तेथे इतकी दाटी असते की शाखा असलेला मणी मावणारच नाही. फक्त ग्लायसीन मावेल. तिसरा हिस्सा ग्लायसीन का, या प्रश्नाचे उत्तर रचनेनेच दिले! वाड्याच्या विटांची यादी आणि वाड्याचा नकाशा एकमेकांस साक्ष देऊ लागले. हा निबंध ऑगस्ट १९५४ च्या 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

पण चित्रातील काही ठिपके अद्याप नेमके जुळत नव्हते. तेव्हा दुसरी पायरी आली. चंद्र पृथ्वीभोवती फिरताना आपली एकच बाजू तिच्याकडे ठेवतो, याचा अर्थ एका प्रदक्षिणेत तो स्वतःभोवतीही एकदा फिरतो. या विचारातून पुढचे सुचले असे रामचंद्रन सांगत. ग्लायसीनची बाजू सतत आत राहावयाची, आणि माळेचा पीळ मात्र नेमका तीन मण्यांचा नाही. तर मग तिन्ही माळांनी एका समाईक अक्षाभोवतीही सावकाश वळत गेले पाहिजे. सुंभाचे तीन पेड आधी वेगळे वळून मग एकत्र वळले म्हणजे जो दोर होतो तो असा. सप्टेंबर १९५५ मध्ये ही सुधारलेली रचना 'नेचर'मध्येच आली.

दोनच महिन्यांनी, नोव्हेंबर १९५५ मध्ये, केंब्रिजहून रिच आणि क्रिक यांचा निबंध निघाला. हे क्रिक म्हणजे डी. एन. ए. च्या दुहेरी पिळाचे एक जनक. त्यांची रचनाही तीन माळांच्या समाईक पिळाचीच होती. परंतु दर तीन मण्यांमागे मद्रासच्या रचनेत माळामाळांना बांधणारे दोन हायड्रोजन बंध होते, आणि त्यांच्या रचनेत एकच. मद्रासच्या रचनेत काही अणू एकमेकांच्या अशक्य इतके जवळ आले आहेत, असाही त्यांचा आक्षेप होता.

या वादाचा निवाडा इतिहासाने कसा केला? येथे आपल्याकडे दोन प्रकारचा अन्याय घडतो. एक पक्ष म्हणतो की परदेशीयांनी आमचा शोध पळविला. दुसरा पक्ष पाश्चात्त्य पाठ्यपुस्तके वाचून मद्रासचे नावही घेत नाही. हिशेब सरळ मांडला तर असा दिसतो. तीन माळा, मध्यभागी ग्लायसीन आणि समाईक पीळ, ही मूळ कल्पना मद्रासची, आणि ती प्रथम छापली गेली ती मद्रासहून. थेट बंध एकच असतो, हे केंब्रिजकरांचे म्हणणे बरोबर ठरले. दुसऱ्या बंधाच्या जागी पाण्याचा रेणू मध्यस्थी करीत असावा, असे रामचंद्रन आणि चंद्रशेखरन यांनी १९६८ मध्ये सुचविले. १९९४ मध्ये कोलॅजेनसारख्या एका लहान प्रथिनखंडाचे स्वच्छ स्फटिकचित्र अमेरिकेत मिळाले. त्यात तिपेडी दोर स्पष्ट दिसला, थेट बंध एकच दिसला, आणि पाण्याचे रेणूही माळांना सांधताना दिसले. जमा बाजूस मद्रासची रक्कम मोठी आहे. ती फुगविण्याचे कारण नाही आणि खोडण्याचेही नाही.

तथापि आमच्या मते या कथेचा सर्वांत मोलाचा भाग यापुढेच आहे. अणू फार जवळ आले आहेत असा आक्षेप आला, तेव्हा रामचंद्रन यांनी एक साधा प्रश्न विचारला: फार जवळ म्हणजे किती जवळ? त्या वेळेपर्यंत उलगडलेल्या लहान रेणूंच्या स्फटिकरचना त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या. कोणत्या जातीचे दोन अणू, बंध नसताना, एकमेकांच्या प्रत्यक्षात किती जवळ आलेले आढळतात, याची मापे गोळा केली. तेव्हा रूढ मर्यादेहून कमी अंतरे निसर्गात सापडतात असे दिसून आले.

येथे थांबले असते तर ते एका वादातील उत्तर ठरले असते. ते थांबले नाहीत. सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन या सहकाऱ्यांसह त्यांनी तीच कसोटी सर्व प्रथिनांस लावली. प्रथिनाची माळ म्हणजे कोपऱ्यास कोपरा जोडलेल्या खेळाच्या पत्त्यांची माळ समजावी. पत्ता स्वतः वाकत नाही. परंतु प्रत्येक सांध्यावर दोन प्रकारे फिरू शकतो. या दोन फिरकींचे कोन दिले म्हणजे त्या जागी माळेचे वळण ठरले. एक कोन आडवा, दुसरा उभा, असा अक्षांश-रेखांशांसारखा तक्ता करावा आणि प्रत्येक ठिकाणी पाहावे की अणू एकमेकांवर आदळतात की नाही. हे सारे गणित मेजावरच्या गणकयंत्रांनी केलेले आहे. निघालेला नकाशा आश्चर्यकारक होता. बहुतेक सारा प्रदेश निषिद्ध; सढळ मर्यादा धरली तरी परवानगीचा भाग एक चतुर्थांशाहून कमी, आणि तोही दोन-तीन बेटांत वाटलेला. पॉलिंगचे मळसूत्र एका बेटावर, रेशमासारख्या प्रथिनांची पसरट ठेवण दुसऱ्या बेटावर, आणि कोलॅजेनही त्याच्या लगतच. शाखाहीन ग्लायसीनला तेवढी हिंडण्याची मुभा जास्त. हा निबंध १९६३ मध्ये 'जर्नल ऑफ मॉलिक्युलर बायॉलॉजी'त आला.

तो नकाशा आज जगभर रामचंद्रन यांच्या नावाने ओळखला जातो. कोणत्याही देशात कोणी नव्या प्रथिनाची रचना उलगडली, मग ती क्ष-किरणांनी असो, चुंबकीय अनुनादाने असो की इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकाने, ती विश्वासार्ह आहे किंवा नाही हे ठरविण्यासाठी या नकाशावर मांडून पाहतात. निषिद्ध प्रदेशात फार बिंदू पडले तर काम पुन्हा तपासावे लागते. सरकारी भाषेत बोलावयाचे तर जगातील सर्व प्रथिन-रचनांचे लेखापरीक्षण मद्रासेस केलेल्या एका तक्त्याने होते! ज्या आक्षेपाने मद्रासची एक रचना अडचणीत आणली, त्याच आक्षेपाचा पाठपुरावा करून मद्रासने इतरांच्या रचना तपासण्याचे साधन दिले.

पुढील हकीकत थोडक्यात सांगतो. कर्ता अमेरिकेस गेले, आणि १९६७ मध्ये रिबोन्यूक्लिएज या प्रथिनाची रचना उलगडणाऱ्या त्रयीत त्यांचे नाव आले. त्याच दशकात, १९६३ आणि १९६७ मध्ये, या विषयावरील आंतरराष्ट्रीय परिषदा मद्रासेस भरल्या. ज्या विषयासाठी आपले विद्यार्थी परदेशी जात, त्यासाठी परदेशचे विद्वान येथे आले. १९७० नंतर रामचंद्रन बंगलोरास परतले व तेथे रेण्वीय जीवभौतिकीचा विभाग त्यांनी उभारला. १९७७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघाचे एवाल्ड पारितोषिक त्यांस मिळाले. नोबेल पारितोषिक मात्र मिळाले नाही. ७ एप्रिल २००१ रोजी चेन्नईतच त्यांचा अंत झाला.

आपण मंडळी राजधानीपासून आणि स्वप्रांतापासून दूर नोकरी करणारी. मोठी कामे मोठ्या ठिकाणी होतात, आपल्या वाट्यास आली ती नक्कल-बारनिशी, अशी एक समजूत परमुलखातील एकांतात मनात घर करते. नव्याने थाटलेली प्रयोगशाळा, शेजारच्या कचेरीतून मागून आणलेली कंडरा, मेजावरचे गणकयंत्र, आणि हजारो मैलांवरून आलेला प्रतिष्ठितांचा आक्षेप, एवढ्या भांडवलावर गिंडीच्या या मंडळींनी जे केले, ते या समजुतीस पुरेसे उत्तर आहे. आक्षेपाने ते खचले नाहीत, आणि रुसून हटूनही बसले नाहीत. ते अंतरे मोजावयास बसले.

अड्यारच्या चर्म-संशोधन संस्थेच्या सभागृहास 'ट्रिपल हेलिक्स' असे नाव आहे. या शहरातील आपल्या वाचकांचे त्या पाटीकडे लक्ष गेले असेल, आणि हे नाव कशाचे असा प्रश्नही कोणाच्या मनात आला असेल. ते याच तिपेडी दोराचे नाव होय.